गार पट्ट्यात पडते, हिशेब मंडळाचा होतो

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ हिमालयाला येऊन भिडला की काश्मीरच्या झेलम खोऱ्यात बर्फ पडतो. तो सगळ्या खोऱ्यात सारखा पडत नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तिथं बर्फ फुटांनी साचतो. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे, तिथं त्याच दिवशी पातळसा थर पडतो किंवा नुसताच पाऊस होतो. पीर पंजालच्या कोणत्या उतारावर ढग आधी चढले, यावरही बरंच ठरतं. थोडक्यात, तिथला फरक डोंगर ठरवतो आणि डोंगर जागचा हलत नसल्यामुळे कुठं किती बर्फ पडेल याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या बांधता येतो.

हिवाळा सरताना अशाच एखाद्या विक्षोभाचा प्रभाव कधी कधी दक्षिणेला मराठवाड्यापर्यंत पोचतो. मग पूर्णेच्या खोऱ्यात, जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, जाफराबाद या तालुक्यांत गारपीट होते. इथं ना गुलमर्ग आहे, ना पीर पंजाल. रान जवळजवळ सपाट आहे. तरी एका गावात हरभऱ्याचा पालासुद्धा शिल्लक राहत नाही आणि दोन कोस पुढच्या गावात गार दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या झालेल्या शिवाराचे फोटो फिरतात आणि त्यांवर ‘मराठवाड्याचं काश्मीर झालं’ असं लिहिलेलं असतं. ते मला वाचवत नाही. काश्मिरात बर्फ म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं पाणी. मंठ्यात गार म्हणजे हातातोंडाशी आलेला रब्बी हंगाम गेला.

गारपिटीवर मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक नुकसानीच्या आकड्यांचं आणि मदतीच्या घोषणांचं. ती इतक्या विषम का पडते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. माझ्या मते सगळा गुंता तिथंच आहे, कारण तो न समजल्यामुळे आपला पंचनामा, पर्जन्यमापक, रडार आणि विमा या चारही व्यवस्था गारेच्या मापाला पुऱ्या पडत नाहीत.

आधी भूगोल पाहू. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, सिल्लोड, भोकरदन, जाफराबादकडून येत बुलढाणा जिल्ह्याला स्पर्श करते, मंठा आणि लोणार तालुक्यांच्या सीमेवरून पुढं जाते आणि येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं ओलांडून परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. मंठ्याच्या दक्षिणेला, परतूरकडून, दुधना वाहते आणि तीही पुढं पूर्णेलाच मिळते. म्हणजे मंठा तालुका या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या मातीच्या पठारावर आहे. नदीचं खोरं गारेला वाट दाखवतं का, असा प्रश्न इथं साहजिक पडतो. मला तसं वाटत नाही. गारांचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो. त्याच्यापुढं शंभर-दोनशे मीटरचा चढउतार फार लहान आहे. अजिंठ्याच्या रांगेजवळ ढग उठायला थोडी मदत होत असेल, पण एकदा उठलेला ढग वरच्या वाऱ्याच्या दिशेनं चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा वारा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो, नदीच्या वळणांशी त्याचं काही नातं नसतं.

हा ढग मराठवाड्यात उठतो कसा? हिवाळ्यात दर महिन्याला सरासरी चार ते सहा पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून जातात. त्यातले बहुतेक आपल्याला कळतही नाहीत, फार तर थंडी एक-दोन दिवस कमी होते. पण एखाद्या वेळी वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांची द्रोणीरेषा नेहमीपेक्षा खूप दक्षिणेला उतरते आणि मध्य भारतावर थंड, कोरडी हवा आणते. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरावर किंवा अरबी समुद्रावर प्रतिचक्रवात बसलेला असला, तर खालच्या थरात समुद्रावरची दमट हवा विदर्भ-मराठवाड्यात शिरते. खाली ऊन लागून तापलेली ओली हवा आणि वर कोरडी थंड हवा, अशी मांडणी झाली की खालची हवा प्रचंड वेगानं वर उसळते. २०१४ च्या गारपिटीचा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा दक्षिणेपर्यंत उतरलेले हे पश्चिमी वारे आणि समुद्रावरून आलेलं बाष्प यांचीच गाठ पडलेली दिसली.

ढगात शून्य अंशाच्या पातळीच्या वरच्या थरात पाण्याचे थेंब लगेच गोठत नाहीत. शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंतही ते द्रवच राहू शकतात. एखादा बर्फाचा कण त्यांच्यात सापडला की थेंब त्याच्यावर आदळून गोठत जातात आणि गार वाढते. ती किती वाढेल, हे वर उसळणारी हवा तिला किती वेळ तोलून धरते यावर असतं. एक सेंटिमीटरची गार सेकंदाला साधारण नऊ-दहा मीटर वेगानं पडते, पाच सेंटिमीटरची तीसेक मीटर वेगानं. म्हणजे मोठी गार तयार व्हायची तर खालून तितक्याच जोराचा झोत हवा. गार फोडून पाहिली तर आत पारदर्शक आणि दुधाळ थर दिसतात. पाणी भरपूर आणि गोठणं सावकाश असेल तेव्हा पारदर्शक थर बसतो. झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे अडकून दुधाळ.

एप्रिल-मेच्या वळवातही गारा पडतात. पण तेव्हा शून्य अंशाची पातळी जमिनीपासून जवळपास पाच किलोमीटरवर गेलेली असते, त्यामुळे लहान गारा खाली येईपर्यंत विरघळून पावसाचे टपोरे थेंब होतात. फेब्रुवारीत ही पातळी खाली असते, वितळायला वाट कमी मिळते आणि बोराएवढी गारही जमिनीपर्यंत शाबूत येते. म्हणूनच मार्चमधला ढग मेमधल्या ढगाइतका उंच नसला तरी शेताला जास्त घातक ठरतो, आणि रब्बीची पिकं नेमकी तेव्हाच उभी असतात.

आता विषमतेकडं वळू. जोराचा झोत ढगाच्या एका लहान भागातच असतो, फार तर काही किलोमीटर रुंद. गारा तिथंच तयार होतात. ढग वाऱ्याबरोबर पुढं सरकत राहतो, त्यामुळे जमिनीवर गारेचा एक पट्टा उमटतो, रुंदी दोन-पाच किलोमीटर आणि लांबी कधी दहा, कधी पन्नास किलोमीटर. पट्ट्याच्या आतही सगळीकडं सारखं नसतं. मोठ्या गारा झोताजवळ सरळ खाली येतात, लहान गारा वाऱ्यानं लांब वाहून जातात. झोत वाटेत मंदावला की पट्टा तुटतो आणि काही गावं सोडून पुन्हा सुरू होतो. शिवाय गारेबरोबर वारा किती आहे यावर माराची दिशा ठरते. वाऱ्यासोबत तिरपी आलेली गार मोसंबीच्या झाडाची एकच बाजू सोलून काढते. बागेत गेलं तर एका अंगाला फळांवर, सालीवर व्रण आणि दुसऱ्या अंगाला हिरवंगार पान, असं दृश्य दिसतं.

यात पिकाची अवस्था मिळवली की फरक आणखी वाढतो. फुलोऱ्यातला उशिरा पेरलेला हरभरा गार सोसून पुन्हा फुटू शकतो. घाटे भरून वाळत आलेला हरभरा त्याच गारेनं झडून जमिनीवर दाण्यांचा सडा होतो. चिकात असलेला गहू लोळला तर दाणा पोचट राहतो. शाळू ज्वारीचं कणीस भिजलं की दाणा काळा पडतो आणि कडबाही काळवंडतो, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं दोघांचंही अन्न गेलं. सोंगून ढीग घातलेला माल असेल तर त्याचं नुकसान वेगळंच, कारण तो उभ्या पिकात मोजला जात नाही. फळबागेचं दुखणं सगळ्यांत लांबतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. फेब्रुवारीत तिच्यावर आंबे बहराची फुलं असतात आणि शेजारच्या बागेत मृग बहराची फळं तोडणीला आलेली असतात. गार दोन्ही घेऊन जाते. फांद्या सोलल्या गेल्या की त्या जखमांतून बुरशी शिरते, डिंक्या लागतो आणि पुढच्या वर्षीचा बहरही हातचा जातो. अशा वेळी मोडक्या फांद्या छाटून जखमांना बोर्डो पेस्ट लावणं आणि झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी लगेच घेणं गरजेचं असतं. पण नेमकं त्याच आठवड्यात शेतकरी पंचनाम्याची वाट बघत बाग जशीच्या तशी ठेवतो, कारण छाटली तर नुकसान दिसणार कसं? व्यवस्थेच्या संथपणाची ही किंमत कुठल्याही आकड्यात येत नाही.

महाराष्ट्राच्या आठवणीतली सगळ्यांत मोठी गारपीट २०१४ ची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत ती थांबून थांबून चालू राहिली आणि तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना तिनं गाठलं. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं त्या वर्षी गारपिटीची कारणं, नुकसान आणि नंतरची काळजी यांवर स्वतंत्र अहवाल काढला. तो आजही वाचण्याजोगा आहे. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता ५ मार्चला लागलेली होती, त्यामुळे मदतीसाठी निवडणूक आयोगाची संमती घ्यावी लागली. राज्यानं सुमारे चार हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, कोरडवाहूला हेक्टरी १०,०००, बागायतीला १५,००० आणि फळबागेला २५,००० रुपये.

मंठ्याच्या लोकांना त्याहून जवळची आठवण आहे ती ११ फेब्रुवारी २०१८ ची. रविवार होता. गारपीट दुपारनंतरची असते, हा नेहमीचा अनुभव त्या दिवशी खोटा ठरला. सकाळीच आभाळ भरून आलं आणि जालना, मंठा, परतूर, अंबड, जाफराबाद या तालुक्यांतल्या अनेक गावांत गारांचा खच पडला. जिल्ह्यात गारांच्या मारानं दोन वयस्कर माणसं दगावली. गारेनं माणूस मरतो यावर शहरात अनेकांचा विश्वास बसत नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत गारपिटीनं २४६ जणांचा बळी घेतला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीनं घेतलेल्या बळींचा तो आजही सर्वांत मोठा आकडा आहे. सर्वांत वजनदार गारेची नोंदही आपल्या शेजारची आहे. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातल्या गोपालगंज भागात १.०२ किलो वजनाची गार पडली होती. मग सकाळी रानात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला पत्र्याचा आडोसा मिळाला नाही, तर काय होतं याची कल्पना करता येते.

२०१८ नंतर नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा गारपीट झाली. या वेळी महिना वेगळा होता. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागा फुलोऱ्यात होत्या आणि वेचणीला आलेला कापूस रानात होता. हवामान बदलामुळे गारपीट वाढली, असं आता सर्रास बोललं जातं. इथं सावध राहायला हवं. हवा तापली तर ढगाला ऊर्जा जास्त मिळते, पण शून्य अंशाची पातळीही वर सरकते आणि लहान गारा वाटेतच वितळतात. एकूण परिणाम काय होईल, याबाबत आंतरसरकारी हवामान बदल समितीनं २०२१ च्या अहवालात गारपिटीच्या कलाविषयी खात्री कमी असल्याचंच नोंदवलं. याचं मोठं कारण नोंदींचा तुटवडा. जॉन इलियट यांनी १८८३ ते १८९७ या काळातल्या भारतातल्या गारपिटींचा आढावा १८९९ मध्ये प्रसिद्ध केला होता. एवढा जुना पाया असूनही गावपातळीवरची सलग नोंद आपण उभी केली नाही.

नोंद का होत नाही, हे मंठ्यात उभं राहून पाहिलं की स्पष्ट दिसतं. वेधशाळा परभणीला आहे, सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर. दुसरी छत्रपती संभाजीनगरला, शंभराहून जास्त. दोन-पाच किलोमीटरचा पट्टा या दोघींच्या मधून सहज निघून जातो. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात प्रत्येक महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र बसलं, ही चांगली गोष्ट झाली. पण ते पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतं. गार मोजायची सोय त्यात नाही. पर्जन्यमापकात पडलेली गार वितळून पावसाचेच मिलिमीटर होते. अतिवृष्टीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस लागतो. दहा मिनिटांच्या गारपिटीत वीस मिलिमीटर पाणी पडलं आणि सगळं पीक गेलं, तरी केंद्राच्या वहीत तो दिवस साध्या पावसाचाच राहतो.

रडारचं तसंच. नागपूरचं डॉप्लर रडार मंठ्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर आणि मुंबईचं त्याहून लांब. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारची अगदी खालची किरणरेषाही तीनशे किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे आठ किलोमीटर वर गेलेली असते. म्हणजे ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. गार कुठं आणि केवढी उतरतेय ते कळण्यासाठी पोटच दिसायला हवं. २०१५ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयावर रडार बसवलं होतं, २०१९ मध्येही तसा प्रयोग झाला. पावसासाठी तात्पुरतं आणता येतं, तर गारेसाठी कायमचं का नाही, हा प्रश्न मराठवाड्यानं धरून बसायला हवा.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त खटकतो तो विमा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली, तेव्हा गारपिटीला स्थानिक आपत्ती मानून वैयक्तिक पंचनाम्याची तरतूद होती. शेतकऱ्यानं आधी ४८ आणि पुढं ७२ तासांत कळवायचं आणि त्याच्या शेतापुरती भरपाई ठरायची. अंमलबजावणीत तक्रारी पुष्कळ होत्या. कळवायचा नंबर लागत नाही, नेटवर्क नाही, पाहणीला कोणी येत नाही, हे मंठ्यात कुणालाही विचारा. तरीही गारेच्या स्वभावाशी जुळणारी तरतूद तीच होती. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयात पीक विमा देणारी योजना बंद केली आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीसारखे जादा निकषही काढून टाकले. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते.

याचा हिशेब मांडून बघा. समजा तळणी किंवा ढोकसाळसारख्या एखाद्या मंडळात वीस गावं आहेत आणि गारेचा पट्टा तीन गावांवरून गेला. त्या तीन गावांत हरभरा शंभर टक्के गेला, बाकीच्या सतरा गावांत पीक ठीक आलं. मंडळाची सरासरी पंधरा टक्क्यांनी घटली. जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर सरासरी उंबरठ्याच्या खाली जायला तीस टक्क्यांहून अधिक घट लागते. म्हणून तीन गावांतल्या ज्यांचं सगळं गेलं त्यांनाही काही मिळत नाही. दुष्काळाला ही पद्धत चालते, कारण दुष्काळ मंडळभर पसरतो. गारेला ती चालणारच नाही. फळबागेसाठीच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घेता येतं, पण हरभरा-ज्वारीवाल्याला तोही मार्ग नाही.

मग उरते सरकारी मदत. तिथं निदान शेतनिहाय पंचनामा होतो आणि ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर माणूस पात्र ठरतो. २०१५ पूर्वी हीच अट ५० टक्क्यांची होती. आपत्ती निधीचे सध्याचे दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहेत. नोव्हेंबर २०२३ नंतर राज्यानं हे दर वाढवून तीन हेक्टरपर्यंत मदत दिली होती, पुढं ते पुन्हा मूळ दरावर आणि दोन हेक्टरांवर आले. एक एकर मोसंबीची बाग पाच-सहा वर्षं जपून वाढवलेल्या माणसाला ही रक्कम बाग पुन्हा उभी करायला पुरत नाही. आणि पंचनाम्यात ३३ टक्के हे डोळ्यांनी ठरतं. गार केवढी होती, किती वेळ पडली, याचा पुरावा कुणाकडेच नसतो.

गारेला रोखायचे उपाय विचारले जातात. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर जाळ्या टाकतात, त्या खरोखर उपयोगी पडतात, पण खर्च मोठा आहे आणि हरभऱ्याच्या रानावर त्या शक्य नाहीत. आवाजाच्या तोफांनी गार फुटते याला शास्त्राचा आधार मिळालेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडण्याचा मोठा प्रयोग अनेक वर्षं काटेकोरपणे झाला आणि त्यातून गार कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून मी या मार्गांवर पैसा घालावा असं म्हणणार नाही.

मोजायला मात्र फार पैसा लागत नाही. फ्रान्समध्ये अनेक दशकांपासून गावोगावी ‘हेलपॅड’ ठेवले जातात. थर्माकोलसारख्या फोमची चौकोनी पाटी, एवढंच. गार पडली की तिच्यावर खळगे उमटतात. खळग्यांचा आकार आणि संख्या मोजून गार किती मोठी, किती जोराची आणि किती दाट होती हे काढता येतं. गार जाऊन महिना झाला तरी पुरावा शिल्लक राहतो. मंठा तालुक्यात प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा परिषद शाळेच्या गच्चीवर अशी पाटी ठेवली, ती वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून वाचून घेतली आणि पंचनाम्याला व विम्याला जोडली, तर पट्ट्याचा नकाशा आठवड्याच्या आत हाती येईल. विम्याची स्थानिक आपत्तीची तरतूद परत आणताना कंपनीला आणि शासनाला दोघांनाही तोच नकाशा आधार ठरेल. राज्यानं ही तरतूद गारपिटीपुरती तरी तातडीनं परत आणावी.

तोवर शेतकऱ्यानं स्वतः करण्यासारखं एवढं आहे. विद्यापीठाचं मंगळवार-शुक्रवारचं हवामान पत्रक आणि मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पाहत राहावं, वीज कडाडत असताना रानात थांबू नये आणि सोंगलेला माल ताडपत्रीखाली ठेवावा. गार पडलीच, तर लिंबाएवढी की सुपारीएवढी यावर न थांबता तिच्याशेजारी पट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवून, तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो लगेच काढावा, दोन-चार गारा पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि बाग छाटण्याआधी तलाठी व कृषी सहायकाला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी.